आधी नाचून दाखव, मग आकडे लावते

प्रश्न : ताई, माझ्या मुलीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम, जानेवारीत सांगलीला भावे नाट्यमंदिरात आहे, संध्याकाळी साडेपाचला. तिचे केस खांद्याच्या जरा खाली, पातळ आणि रेशमी. लांब वेणी हवी म्हणून गंगावन आणून ठेवलंय. पार्लरची वेळ दुपारी दोनची घेतलीय. सकाळी छान न्हाऊ घालून, वर थोडं तेल चोपडून पाठवू का? आणखी काय तयारी करू?
— एक आई, पलूस

उत्तर : ताई, तेलाची बाटली आधी कपाटात ठेवा आणि कार्यक्रम होईपर्यंत बाहेर काढू नका. तेलकट केसांवर स्प्रे बसत नाही, पिनेचा आकडा धरत नाही आणि दिव्यांखाली कपाळावर जे ओघळतं ते सगळा मेकअप घेऊन खाली येतं. तेल द्यायचंच असेल तर तीन दिवस आधी द्या आणि पूर्ण धुऊन काढा.

न्हाणं आदल्या दिवशी. त्याच सकाळी न्हालेले केस, त्यातून तुमच्या लेकीसारखे रेशमी, म्हणजे हातात धरलेला मासा. एका दिवसाने केसांना स्वतःची थोडी पकड येते, तीच आम्हा पार्लरवाल्यांना हवी असते. कंडिशनर फक्त टोकांना, मुळाशी नको. आणि केस पूर्ण वाळवून पाठवा. ओलसर केसांचा अंबाडा घातला की वाळताना तो सैल पडतो.

आता वेळेचं. दोन वाजता उशीर होईल. उलटं मोजून बघा. साडेपाचला पडदा, म्हणजे पाचला मुलगी तयार होऊन विंगेत हवी, कारण गुरूंना नमस्कार, नटराजाची पूजा, घुंगरू बांधणं यातच अर्धा तास जातो. पोशाख आणि दागिने पाऊण तास. मेकअप सव्वा तास. केस दीड तास, गंगावन असेल तर जास्तच. मी तुम्हाला साडेबाराला बोलावलं असतं. शिवाय जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. पलूसहून येताना पुढे दोन ट्रॉल्या लागल्या की तुमची गाडी त्यांच्या चालीने चालणार.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तयारी वेगळीच आहे, आणि ती कुणी करत नाही. कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी पूर्ण केशभूषा एकदा करून बघायची आणि त्या केसांनी मुलीने नाचायचं. खुर्चीत बसून आरशात बघायचं नाही, फोटोही काढायचा नाही. नाचायचं. भरतनाट्यमचे नाच आठवा, अलारिप्पूत मान बाजूला सरकते, तिल्लान्यात उड्या आहेत, वर्णम तर अर्धा तास सहज चालतं. लग्नातल्या नवरीचे केस दिवसभर टिकतात, कारण नवरी मान खाली घालून बसते. तुमची लेक बसणार नाही.

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीने. धंद्याचं तिसरं वर्ष होतं, हात चालत होता आणि गर्वही होता. एका मुलीला गंगावन लावलं, सुरेख दिसलं, तिच्या आजीने माझी दृष्ट काढली. मी मागच्या रांगेत बसून बघत होते. शेवटच्या तिल्लान्यात तिने गिरकी घेतली आणि वेणी एक वीत खाली आली. दुसऱ्या गिरकीला आणखी एक वीत. पोर मोठी गुणाची. तिने उरलेला नाच प्रेक्षकांकडे पाठ न करता पुरा केला. तिच्या गुरू झांजा वाजवत होत्या, त्यांच्या हाताचा ताल चुकला नाही, पण नजर सभागृहात मलाच शोधत होती. मी खुर्चीत खाली सरकून बसले होते.

चूक काय होती? गंगावनाचा दोरा मी नुसत्या पोनीला बांधला होता. रेशमी केसांवरून तो घसरणारच. तेव्हापासून मी आधी घट्ट पोनी बांधते, तिचा सुपारीएवढा अंबाडा वळते, त्याला चारी बाजूंनी आकडे लावते आणि गंगावन त्या अंबाड्याखाली अडकवते. मग गंगावनाचेच तीन पेड घालून वेणी, आणि वरून काळ्या दोऱ्याने चक्क सुई घेऊन शिवते. हो, शिवते. अंबाड्यावरची गोल राकोडी आणि वेणीच्या टोकाचे गोंडेसुद्धा शिवूनच. तुमच्या पार्लरवाल्या ताईंना विचारा, त्या गंगावन शिवतात की नुसतं पिनांवर ठेवतात. उत्तरावरून कळेल तुम्हाला.

आकड्यांचंही सांगून टाकते, कारण घरी सगळ्याजणी उलटा लावतात. साध्या काळ्या पिनेची एक बाजू सरळ असते, एक नागमोडी. नागमोडी बाजू डोक्याकडे. केस धरायला तिला ते वळण दिलंय, शोभेला नव्हे.

सूर्य आणि चंद्र, हे डोक्यावरचे दोन दागिने, पिशवीत वेगवेगळ्या रुमालांत बांधून द्या. सूर्य मुलीच्या उजव्या हाताला, चंद्र डाव्या. समोर उभं राहून लावणाऱ्याचा गोंधळ होतो, माझाही झालाय, म्हणून मी नेहमी मागे उभी राहून लावते. गजऱ्याचं म्हणाल तर जानेवारीत मोगरा मिळाला तर महाग मिळेल आणि कळ्या बारीक असतील. शेवंती किंवा अबोली बघा. ओल्या गजऱ्याला वजन असतं, ते अंबाडा खाली ओढतं, म्हणून पाणी शिंपडून केळीच्या पानात ठेवलेला गजरा माळण्याआधी टॉवेलवर पाच मिनिटं पसरायचा. कापडी गजराही चालतो, दहाव्या रांगेतून कुणाला कळत नाही. मला खरा आवडतो, ते सोडा.

मुलीला पुढून बटणं असलेला शर्ट घालून पाठवा. टी-शर्ट घालून आलेल्या किती मुलींचे गळे मी कात्रीने कापलेत! आणि येण्याआधी तिला पोटभर जेवू घाला, एकदा डोकं बांधलं की कुणाला भूक राहत नाही. शेवटी रात्री आकडे काढताना मोजा. मी वहीत लिहून देते, एकेचाळीस तर एकेचाळीस. एखादा राहिला तर झोपेत टोचतो. कंगवा लगेच घालू नका. आता तेलाची बाटली काढा, स्प्रेने कडक झालेले केस तेलाने मऊ करा, बोटांनी सोडवा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. फेअरवेलला आमचा जोडीने वॉल्ट्झ बसवलाय, मी पायघोळ गाऊन घालणार आहे. इंटरनेटवरचा एक फोटो पाठवतेय, मोकळे मोठे कर्ल्स. दीड महिन्यापूर्वी मी स्मूदनिंग केलंय. अपॉइंटमेंटला जाताना काय लक्षात ठेवू?
— विश्रामबाग, सांगली

उत्तर : फोटो बघितला. सुंदर आहे, पण त्या मुलीचे केस दाट आहेत आणि मुळातच लहरी आहेत. तू पैसे देऊन तुझे केस औषधाने सरळ केलेस आणि आता तेवढेच पैसे देऊन ते वाकवायला सांगतेयस. वाकतील, पण सभागृहात पोचेपर्यंत पुन्हा सरळ होतील. मग पार्लरवाली मशीनची उष्णता वाढवेल आणि स्मूदनिंग केलेल्या केसांची टोकं जळतील. मान्य कर आणि दुसरं काही निवड. पुढचे केस मागे घेऊन अर्धे बांधायचे, खाली हलकी लाट, किंवा मानेवर सैलसर अंबाडा. गाऊनचा गळा मागून खोल असेल तर अंबाडाच. फोटो न्यायचाच तर स्वतःच्या केसांसारख्या केसांचा ने, पुढून एक आणि मागून एक. गाऊनचाही फोटो ने. कानातलं घालूनच जा, अंबाड्याची उंची त्यावरून ठरते.

लाट काढल्यावर लगेच बोटं घालू नकोस. गरम असताना केसाला आकार मिळतो, पण तो पक्का होतो थंड होताना. पाच मिनिटं गप्प बसायचं. हे आजवर एकाही मुलीला जमलेलं नाही.

वॉल्ट्झमध्ये जोडीदाराचा उजवा हात तुझ्या पाठीवर असणार. मोकळे केस असतील तर ते त्याच्या बोटांत आणि कोटाच्या बटणात अडकणार. त्याला घड्याळ काढून ठेवायला सांग. आणि तयार झाल्यावर स्कुटीवर स्कार्फ गुंडाळून, वर हेल्मेट घालून मिरज रोडने जाणार असशील तर मला सांग, मी तुझे केस फुकट करून देते, कारण पोचल्यावर त्यातलं काही उरणारच नाही. रिक्षा कर.

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. शाळेच्या गॅदरिंगला लावणीत आहे, खोपा घालायचाय. तिची आई नोकरीनिमित्त पुण्यात असते, त्यामुळे पार्लरमध्ये मलाच न्यावं लागणार. मी काय करायचं असतं? तिथे थांबलं तर चालतं का?
— एक वडील, जत

उत्तर : दादा, तुम्ही सगळ्यात चांगला प्रश्न विचारलात. गॅदरिंगच्या दहा दिवस आधी उन्हात बसवून तिचं डोकं बघा, कानामागे आणि मानेवर. उवा असतील तर तेव्हाच औषध लावा, आठवड्याने पुन्हा लावा, बारीक फणीने लिखा काढा. यात लाज नाही, तिसरीतल्या वर्गात निम्म्यांच्या डोक्यात असतात. पण त्याच दिवशी खुर्चीत दिसल्या तर आम्हाला पोरीला परत पाठवावं लागतं, आणि रडणारी ती एकटी नसते.

आदल्या रात्री गुंता काढून साधी वेणी घालून झोपवा. तिचे केस कितीही आखूड असले तरी खोपा होतो, आमच्याकडे तयार मिळतो, काळजी नको. ओढलं की दुखतं हे तिने मोठ्याने सांगायचं, एवढं तिला शिकवून आणा. मुली उगाच सोसतात.

आणि थांबा की. आत बायका असतात म्हणून बाहेरच्या बाकावर बसा, पण दिसेल असे बसा. गजऱ्याचा पुडा तुमच्याच हातात ठेवा. मी हाक मारली की द्यायचा.