पिल्लाला रेंजवर नेऊ नका: शॉर्टहेअरच्या पहिल्या सीझनबद्दल

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. अमेरिकेतल्या आयोवात राहता, घरी पाच महिन्यांचा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर (पक्ष्यांच्या शिकारीची जात) आहे, आयुष्यातला पहिलाच कुत्रा. ऑक्टोबरअखेर फेझंटच्या, म्हणजे रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या, शिकारीचा सीझन उघडतोय. ऑफिसातला मित्र म्हणतो की पिल्लाला क्ले रेंजवर, म्हणजे उडत्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजी चालते तिथे, नेऊन बांध, आवाजाची सवय होईल. शिवाय शॉक कॉलर (रिमोटने विजेचा झटका देणारा गळपट्टा) घ्यावी का, पक्षी दिसला की हा धूम ठोकतो त्याचं काय करायचं, आणि तीन महिन्यांत गडी तयार होईल का.

बाकी काहीही चुकलं तरी निस्तरता येतं. रेंजवर मात्र नेऊ नका.

मी नेलं होतं. इथे मिनेसोटात आल्यावर पहिली कुत्री घेतली ती ब्रिटनी या शिकारी जातीची, नाव चिमी. मलाही असाच सल्ला देणारा एक अनुभवी भेटला होता. चिमीला ट्रकच्या मागच्या कडीला बांधलं आणि पन्नास पावलांवर बारा बोअरच्या पाच बंदुका एकामागून एक वाजू लागल्या. तिसऱ्या बारानंतर ती ट्रकखाली गेली. तासाभराने ओढून काढली तेव्हा तोंडाला फेस होता. पुढे तर बार लागतच नसे. बंदुकीच्या पिशवीची चेन सर्रकन ओढल्याचा आवाज आला की ही बाथरूमच्या टबात जाऊन बसायची. अकरा वर्षं जगली, घरात लाडाची होती, पण शेतात पुन्हा कधी आली नाही. बैल बुजतो तसा कुत्रा बुजतो, आणि बंदुकीला बुजलेला कुत्रा जन्मतः तसा नसतो, बहुतेक वेळा आपणच त्याला तसा करतो.

मग आवाजाची सवय कशी लावायची? सवय लावायचीच नाही. बार आणि पक्षी यांची गाठ घालून द्यायची. आधी चार-सहा आठवडे नुसते पक्षी. कबूतर उडतंय, पिल्लू जीव तोडून मागे पळतंय, असं वेड लागू दे. त्या वेडात असताना, पिल्लू आपल्यापासून साठ-सत्तर पावलं लांब गेल्यावर, मदतनीसाने फुसक्या काडतुसाच्या पिस्तुलाचा एकच बार काढायचा, तोही पिल्लाकडे पाठ करून. तुम्ही फक्त शेपटी आणि कान बघा. पळणं थांबलं नाही, कान हललेही नाहीत, तर पुढच्या वेळी दहा पावलं जवळ. मागे वळून पाहिलं किंवा शेपटी खाली गेली, तर बंदूक दोन आठवडे कपाटात आणि पुन्हा नुसते पक्षी. पिस्तूल जवळ पचलं की मग वीस बोअरची, बारापेक्षा हलकी बंदूक, पुन्हा लांबून सुरुवात. एका दिवसात दोन, फार तर तीन पक्षी, आणि त्याला आणखी हवं असतानाच घरी. घाई केलीत तर माझ्यासारखे अकरा वर्षं एकटे शिकारीला जाल.

फटाक्यांचंही तेच. ४ जुलैच्या रात्री आणि मंडळाच्या दिवाळीत पिल्लू घरात, पंखा आणि टीव्ही लावून. ‘बघू तरी काय करतो’ म्हणून अंगणात आणू नका.

आता धूम ठोकण्याबद्दल. ठोकू दे! पाच महिन्यांच्या पिल्लाने पक्ष्यामागे पळायलाच हवं. पॉइंट, म्हणजे वास लागताच पक्ष्याकडे नाक रोखून थबकणं, तुम्ही शिकवत नाही, तो रक्तात असतो. झडप घालण्याआधी जनावर क्षणभर थबकतं, तोच क्षण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून लांबवला. तुमचं काम एवढंच की पुढे पाऊल टाकल्यावर पक्षी निघून जातो, हे त्याला पक्ष्याकडूनच कळावं. गवतात लाँचरमध्ये, म्हणजे रिमोटने उघडून पक्षी हवेत उडवणाऱ्या पेटीत, कबूतर लपवा. पिल्लाला पंचवीस फुटी दोर लावून वाऱ्याला आडवं आणा, म्हणजे वासाचा पट्टा त्याच्या नाकाला बाजूने येईल. नाक झटकन वळेल, चाल मोडेल. तेव्हा तोंडातून चकार शब्द काढू नका, शाबासकीसुद्धा नको. उभं राहिलं तर उभं राहू दे. पाऊल पुढे टाकलं की रिमोट दाबा, कबूतर फुर्र. दहा-बारा वेळा झालं की तुमच्या डोळ्यांदेखत त्याच्या डोक्यात हिशेब बसतो. मात्र पिल्लू लाँचरच्या अगदी नाकावर असताना बटण नको, त्या फटक्याने ते पक्ष्यालाच घाबरेल. आणि दमलेलं कबूतर वापरू नका. एकदा तोंडात सापडलं की पुढचे शंभर पक्षी तो पकडायला बघणार.

शब्दांविषयी थोडं विषयांतर, कारण हे इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही. आज्ञा मराठीत द्यायला हरकत नाही, कुत्र्याला भाषेचा पासपोर्ट लागत नाही. ‘ये’ हा तर बोलावण्यासाठी सोन्यासारखा शब्द: ‘येऽऽऽ’ लांबवला की वाऱ्यातही पोचतो. ‘आण’ आणि ‘सोड’ही उत्तम. फसलो मी ‘थांब’वर. माझा दुसरा कुत्रा चिकू, शॉर्टहेअरच, चिकूच्याच रंगाचा. त्याला अंगणात ‘थांब’ पक्कं शिकवलं. पण मराठी घरात दिवसभर ‘थांब हं, आलेच’, ‘थांब जरा, दूध उतू जाईल’ हेच चालतं. पहिले काही दिवस तो स्वयंपाकघरात एक पाय वर उचलून पुतळा होऊन उभा राहायचा, सगळे हसायचे. मग त्याच्या लक्षात आलं की हा शब्द बऱ्याचदा आपल्यासाठी नसतोच, आणि तो शेतातही ऐकेना. शेवटी मुलीने तोडगा काढला: ‘स्टॅच्यू!’ शाळेच्या मैदानावरचा खेळ. घरात दुसरं कोणी तो शब्द वापरत नाही, त्यामुळे आजही चिकू त्यावर खिळतो. शेजारचा म्हातारा शिकारी मला वेड्यात काढतो, ते असो. ‘थांब’साठी इंग्रजी ‘व्हो’ वापरणार असाल तर कुत्र्याचं नाव ब्रूनो वगैरे नको आणि दटावायला ‘नो’ही नको, ऐकायला सगळं एकच.

हा शब्द पक्ष्यापासून दूर शिकवा. जेवणाच्या भांड्यासमोर, दारात, लाकडी फळीवर उभं करून. पक्ष्यासमोर आणायचा तो पक्का झाल्यावरच.

आणायला शिकवण्यासाठी घरातला बोळ पुरतो. सगळी दारं बंद, तुम्ही एका टोकाला बसलेले, रंग द्यायच्या रोलरचा मऊ गुंडाळा फेकायचा. परत यायला तुमच्याशिवाय दुसरी वाट नाही. दोन-तीन फेकी, बस.

शॉक कॉलर आत्ता नको. घ्याल तेव्हा पहिले दोन आठवडे बंदच गळ्यात राहू दे, मग आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा, आणि त्याला पूर्ण येणाऱ्या आज्ञेलाच, जाणवेल न जाणवेल इतक्या पातळीवर वापरा. नाकात पक्ष्याचा वास असताना बटणाला हात लावू नका. त्याला वाटेल पक्षीच चावला.

सध्या जुलै आहे, म्हणून उन्हाचं सांगतो. सराव पहाटे, सूर्य वर यायच्या आत. २००३ मध्ये साउथ डकोटात सीझन उघडला तेव्हा असह्य उकाडा होता आणि त्या शनिवार-रविवारी अनेक कुत्री उष्म्याने दगावली, उन्हाळाभर सोफ्यावर लोळलेली आणि एकदम शेतात सोडलेली. तोंड मोठं करून जीभ चमच्यासारखी रुंद झाली, पाय अडखळायला लागले की तिथेच थांबा, पोट आणि मांड्या पाण्याने भिजवा आणि डॉक्टर गाठा. पाणी स्वतःचं न्या. ऑगस्टमध्ये तळ्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर त्या पाण्यात पायही घालू देऊ नका, ते शेवाळ काही तासांत जीव घेतं. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, काखा आणि कान चाचपा. इथल्या गवताची कुसळं आपल्या कुसळी गवतासारखीच कातडीत शिरून पुढे सरकत जातात.

आयोवात सरकारी शिकार-क्षेत्रांत १५ मार्च ते १५ जुलै कुत्री नेता येत नाहीत, पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो. सरावासाठी राखलेल्या जागा वेगळ्या आहेत. त्या नसतील जवळ तर एखाद्या शेतकऱ्याला विचारा, डबाभर लाडू घेऊन. आणि एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर बंदूक हातात घेण्याआधी शिकारीचा परवाना काढा. त्याच्याशिवाय तशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषय जवळजवळ संपलाच, त्यामुळे आपल्यातल्या अनेकांना हे नियम माहीतच नसतात.

तयार होईल का? ऑक्टोबरअखेर तो आठ-नऊ महिन्यांचा होईल. तयार होणार नाही, पण न्या. उघडण्याच्या शनिवारी आठ-दहा जणांच्या हाकाऱ्यात मात्र नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, एकटे, कामाच्या दिवशी. आयोवात सकाळी ८ ते दुपारी ४:३०, दिवसाला तीन कोंबडे, मादी मारायची नाही. फेझंट हा कोवळ्या कुत्र्याला वाईट मास्तर: लावा दबून बसतो, हा पायी पळतो. पिल्लू पॉइंट धरून उभं राहतं आणि कोंबडा शंभर फुटांवर गवतातून निसटलेला असतो. पहिल्या सीझनला माझा नियम एकच होता. चिकूने पॉइंट न धरता उठवलेल्या पक्ष्यावर बार नाही. पहिल्या दिवशी त्याने सात कोंबडे उधळले, मी बंदूक खांद्याला लावली नाही. मित्र म्हणाला, कॅमेरा घेऊन आला असतास तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका तळ्याकाठी, पाणकणसात, सकाळचं दव गोठलेलं, चिकू वळता वळता अर्धा मुडपलेलाच थांबला. मान डावीकडे, उरलेलं अंग उजवीकडे, नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. मिशांवर बर्फाचे कण. मी वीस पावलं चालून गेलो तरी तो तसाच. कोंबडा पायाजवळून आरडत उठला आणि मी दुसऱ्या नळीने पाडला, पहिली चुकली. चिकूने तो आणला खरा, पण दिला नाही. त्याला घेऊन ट्रकभोवती तीन फेऱ्या मारल्या.

कबुतरांसाठी गावाबाहेरच्या एखाद्या डेअरीवाल्याला विचारा. कोठारातले पारवे त्याला नकोच असतात, रात्री शिडी आणि टॉर्च घेऊन गेलात तर डझनभर मिळतील. पिंजरा बेडरूमच्या खिडकीखाली ठेवू नका, पहाटे चारला घुमायला लागतात.