कात्री आधी बाजूला ठेवा

ताई,
मुसळधार पावसात घरात अडकलेल्या एका दुपारी मी आणि माझी अकरा वर्षांची भाची जुने फोटो काढून स्क्रॅपबुक करायला बसलो. दादा-वहिनींचा घटस्फोट झालाय. भाची आठवडाभर आमच्याकडे असते, सुट्टीच्या दिवशी तिच्या आईकडे जाते. आमचं फोटो निवडणं चालू असताना आई आली, कात्री उचलली आणि एका फोटोतून वहिनीला कापून टाकलं. 'आता हिचं काय काम या घरात?' म्हणाली. फोटोत भाचीच्या खांद्यावर वहिनीची चार बोटं तेवढी राहिली. पोरगी काही न बोलता उठून गेली. मी आईला नको ते बोलले, तेव्हापासून तिने अबोला धरलाय. दादा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. मी ठरवलंय, पहिल्याच पानावर दादा-वहिनींच्या लग्नाचा फोटो लावायचा. चुकतंय का माझं?
– एक आत्या

प्रिय आत्याबाई,

हो, चुकतंय. वहिनीला वगळू नये हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण लग्नाचा फोटो पहिल्या पानावर लावायची कल्पना सुचली ती आईशी भांडण झाल्यावर. ते पान तुम्ही आईला दाखवण्यासाठी करताय. वही तर भाचीची आहे ना? तिच्या वहीत तिची आई असणारच, आणि ती आई म्हणून असेल, कुणाची सून म्हणून नाही. पहिल्या पानावर काय लावायचं ते पोरीला ठरवू दे. कदाचित ती मांजराचा फोटो लावेल. लावू दे.

पण वहिनीचा फोटो ठेवायचा की नाही, हे मात्र तिला विचारू नका. हा प्रश्न तिच्यापुढे टाकणं म्हणजे आई की आजी, असं निवडायला लावणं. ते तुम्हीच ठरवून टाका आणि तिला सरळ सांगा, 'या वहीत तुझी आई आहे, बाबा आहेत, आजीही आहे.' आणि त्या दिवशी जे झालं त्याबद्दल तिच्याशी बोला. ती काही बोलली नाही म्हणजे विसरली, असं समजू नका.

कापलेला फोटो फेकला नसेल अशी आशा आहे. दोन्ही तुकडे एका कागदी पाकिटात जपून ठेवा. सेलोटेप लावून जोडू नका, तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून फोटोत मुरतो आणि मग निघत नाही. निगेटिव्ह सापडते का बघा, नाहीतर वहिनीकडे त्याच दिवशीचे फोटो असतील. मागायला संकोच वाटेल, पण मागा. लेकीच्या वहीसाठी कोणती आई नाही म्हणेल?

आणि इथून पुढे मूळ फोटोला कात्री लावायचीच नाही. आजीने नाही, तुम्ही नाही, हौसेने गोल नि बदामाच्या आकारात कापायला निघालेल्या पोरीनेही नाही. वहीत प्रती लावा. स्कॅनर असेल तर 600 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा. नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल फोटोला समांतर धरून टिपलं तरी वहीपुरतं काम भागतं. प्रतींचं मग काय हवं ते करा, चमकी लावा, मिशा काढा.

खरं तर पावसाची दुपार या कामाला जितकी छान वाटते, तितकी फोटोंना मानवत नाही. फोटोवर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो ओलावा ओढतो, फुगतो आणि शेजारच्या फोटोला किंवा काचेला चिकटून बसतो. फोटोंना साधारण 30 ते 50 टक्के आर्द्रता बरी. पावसाळ्यात घरातली हवा याच्या कितीतरी वर असते. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. चिकट पानांच्या, वर प्लास्टिकचा पडदा असलेल्या जुन्या अल्बममधले फोटो काढायचे असतील तर मेण नसलेला दातांचा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवा. पण तेही कोरड्या दिवशी. मूळ फोटो कुठे लावायचेच असतील तर आम्लमुक्त कागदावर कागदी कोपऱ्यांत अडकवा. पीव्हीसी प्लास्टिकचे पाऊच आणि लॅमिनेशन नको. लॅमिनेट केलेला फोटो पुन्हा सोडवता येत नाही.

मग पावसात करायचं काय? गप्पा. आणि इथे तुम्हाला आई लागणार आहे. त्या ढिगात असे फोटो असतील ज्यातली माणसं तिच्याशिवाय कुणालाच ओळखता येणार नाहीत. मागच्या रांगेतला तो चष्मेवाला कोण, हे सांगायला उद्या कुणी नसेल. अबोला सोडवण्याची युक्ती म्हणून हे सांगत नाहीये. ओरडलात त्याबद्दल आधी सरळ माफी मागा. ओरडल्याबद्दल फक्त, फोटो वाचवल्याबद्दल नाही. मग तिच्यासमोर जुने फोटो ठेवा आणि ती बोलेल ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. गुळगुळीत पाठीच्या फोटोवर पेन्सिल उठत नाही, तिथे नाव पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला.

आईला हवी तर तिची वेगळी वही करू द्या. तिच्यात वहिनी नसली तरी चालेल. लेकाचा संसार मोडल्याचं दुःख तिलाही झालंच असणार, आणि ते तिने कसं सोसावं हे तुम्ही-मी ठरवणार नाही. तिच्या वहीत कोण असावं हा तिचा प्रश्न; नातीच्या वहीत कात्री चालवायची नाही, एवढंच.

राहिला दादा. 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून त्याला सुटता येणार नाही. पोरगी त्याची आहे आणि घटस्फोट त्याचा झालाय, तिचा नाही. 'हिच्यासमोर तिच्या आईबद्दल असं बोलायचं नाही' हे वाक्य तुमच्या तोंडून आलं की नणंदेने भावजयीची बाजू घेतल्यासारखं होतं, आणि आई आणखी चिडते. ते त्यानेच तिला सांगायला हवं, आणि पोरगी पुढच्या वेळी तुमच्याबरोबर फोटो घेऊन बसायच्या आत.

– ताई