भाकरी उशाखाली

अगं, प्रतिपालक म्हणून, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ सांभाळायला, घरी आणते आहेस ना, तर लेकरू घरात आल्या आल्या ‘आई’ म्हणेल अशी आस धरू नकोस. माझ्याकडं आलेली पोर सहा वर्षांची. पहिले पंधरा दिवस रोज रात्री अर्धी भाकरी उशाखाली ठेवून झोपायची. मी एकदा रागावले, अजून लाज वाटते. मग उशाशी डब्यातच भाकरी ठेवायला लागले. महिन्याभरानं डबा सकाळी भरलेलाच सापडला, आणि मी ओट्याशी उभी राहून रडले.

लेकराच्या सख्ख्या आईबद्दल वाईट बोलू नकोस, शेजारणींनाही बोलू देऊ नकोस. (आपल्या पेठेत चौकशा फार!) आईला भेटून आली की माझी पोर दोन दिवस आदळआपट करायची. तेव्हा मी तिला रंकाळा तलावावर न्यायचे, काही न विचारता.

प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. मूल कुठं राहायचं ते बाल कल्याण समिती ठरवते. 2024च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तकाची वाट आहे, पण मूल दत्तक द्यायला कायद्यानं मुक्त असेल तरच. त्या आशेवर मूल आणू नकोस बाई.

माझी पोर परत गेली. तिचा डबा अजून फडताळात आहे. घासून ठेवते अधूनमधून.