देणगीदारांची यादी एकत्र ठेवायची की वेगळी?

तुम्ही देणग्यांवर चालणाऱ्या दोन संस्था सांभाळता. दोन्ही संस्थांचे विश्वस्त बरेचसे तेच, कार्यालयही एकच, मग यादीही एकच ठेवावी असं तुम्हाला वाटणं स्वाभाविक आहे. पण आधी हे बघा: देणगीदाराने आपला नाव-पत्ता कोणत्या संस्थेला दिला? दुसरीने संपर्क करावा, याला त्याची संमती आहे का? नसेल, तर यादी सरसकट देऊ नका. पहिल्या संस्थेनेच स्वतःच्या नावाने पत्र पाठवून दुसरीची ओळख करून द्यावी. ज्याला आस्था असेल तो आपणहून नाव नोंदवेल. अशी यादी छोटी होते, पण ती माणसं टिकतात.

सॉफ्टवेअर एकच घ्यायला माझी हरकत नाही. मात्र प्रत्येक देणगी कोणत्या संस्थेला आणि कोणत्या कामासाठी आली, हे नोंदीत हवंच. पावत्यांची मालिका आणि बँक खातं वेगळं. संमतीचा रकानाही संस्थेगणिक स्वतंत्र, तारखेसह.

निधन, पत्ताबदल आणि ‘यापुढे संपर्क नको’ या नोंदी मात्र दोन्हीकडे लगेच पोचायला हव्यात. आमच्याकडे एका देणगीदाराच्या निधनाची नोंद एका यादीत झाली, दुसरीत राहून गेली आणि त्यांच्याच नावाने मदतीचं आवाहन घरी गेलं. त्यांच्या पत्नीचा फोन मी घेतला होता. तो आवाज अजून आठवतो.

आणखी एक, पुढे संस्था वेगळ्या झाल्या तर कोणती नोंद कोणाकडे जाईल, हे आजच लेखी ठरवा. संबंध चांगले असतानाच ते सोपं जातं.