सह्याद्रीतल्या झाडांची शास्त्रीय ओळख पटवायला कुठला संदर्भग्रंथ घ्यावा? (एम.एस्सी. बॉटनी)

सुरुवात थिओडोर कुक यांच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’पासून करा. १९०१ ते १९०८ या काळात निघालेला ग्रंथ, लेखक पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य (हो, इंजिनिअरिंगच!), पण वर्णनं अजूनही कामाला येतात. फक्त त्यातली नावं आणि कुळं प्रबंधात जशीच्या तशी उतरवू नका. साग तिथे व्हर्बिनेसीत आहे. आता तो तुळशीच्या लॅमिएसी कुळात धरतात. चालू नाव लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या वेबसाइटवर फुकट तपासता येतं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे महाराष्ट्राचे खंड त्यामानाने नवे, ते लायब्ररीतच बघा. आणि नुसती पानं घेऊन ‘की’ (लक्षणं एकेक जुळवत नावापर्यंत नेणारा तक्ता) चालवायला बसू नका, बहुतेक वेळा गाडी फुलापाशीच अडते.