निवडणुका होतात, मग अडलं कुठं?

प्रश्न : हंगेरीत दर चार वर्षांनी निवडणुका झाल्या, मतपेट्या पळवल्याचंही ऐकलं नाही. तरी 2010 नंतर तिथली लोकशाही खिळखिळी झाली, असं का म्हणतात?

उत्तर : कारण बदल मतदानाच्या दिवशी नव्हे, आधीच कायद्यात झाले. 2010 मध्ये व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस पक्षाच्या आघाडीला सुमारे 53 टक्के मतं आणि दोन-तृतीयांशाहून जास्त जागा मिळाल्या. तेवढ्या बळावर तिथं राज्यघटनाच बदलता येते. नवी घटना 2012 मध्ये लागू झाली. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 70 वरून 62 वर आणलं, की ज्येष्ठ मंडळी एकदम घरी. (युरोपीय न्यायालयानं हे चुकीचं ठरवलं, पण तोवर अनेक खुर्च्या भरल्या होत्या.)

खरी मेख मात्र मतांच्या हिशेबात. संसदेच्या जागा 386 वरून 199 केल्या, मतदानाची दुसरी फेरी रद्द. तिथं काही खासदार मतदारसंघातून निवडले जातात, तर बाकीचे पक्षांनी दिलेल्या नावांच्या यादीतून, यादीला पडलेल्या मतांनुसार. मतदारसंघात हरलेल्यांची मतं पक्षाच्या यादीत जमा होतात. नव्या कायद्यानं जिंकणाऱ्याची जादा मतंही तशीच जमा होऊ लागली. विजेत्याला 20,000 आणि दुसऱ्याला 15,000 मतं पडली, तर जिंकायला 15,001 पुरतात, म्हणून विजेत्याच्या पक्षाच्या यादीत आणखी 4,999! 2014 मध्ये फिदेस आघाडीला सुमारे 45 टक्के मतांवर 133 जागा मिळाल्या. दोन-तृतीयांशाला नेमक्या तेवढ्याच लागतात.