पाटल्या, सासूबाई आणि चोरीचा आळ

"सासूबाई माझ्यावर चोरीचा आळ घेतात. मुद्दाम करतात का हो त्या?" सुनांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहणाऱ्या एका सुनेची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सासूबाईंची सत्तरी उलटलेली, जन्म विड्या वळण्यात गेलेला. वर्षभरापासून तेच तेच विचारायच्या. जेवून उठल्या की "मला कुणी वाढलंच नाही" म्हणायच्या. मग पाटल्या सापडेनात. सुनेनं विकल्या, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. पाटल्या निघाल्या ज्वारीच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेल्या. नवरा म्हणे, "वय झालंय, मनावर घेऊ नकोस." नणंद म्हणे, "आमची आई कधी खोटं बोलत नाही."

सुनेला वेगळंच खटकत होतं. "मॅडम, स्वतःच्या लग्नात कोण रुसलं होतं ते त्यांना आठवतं. मांडीवर सूप दिलं की अजून एकसारखी विडी वळतात. मग पाटल्याच बऱ्या विसरल्या? सोंगच ना हे?"

सोंग नाही. हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज ढासळत जाण्याचा आजार असू शकतो. त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अल्झायमर. त्यात हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लवकर बिघडतो आणि नव्या आठवणी पक्क्या होण्यासाठी तोच लागतो. म्हणून सकाळचं पुसलं जातं, पन्नास वर्षांपूर्वीचं राहतं. हाताची सवय मेंदूचे दुसरे भाग सांभाळतात, ती पुष्कळ दिवस टिकते. पाटल्या आपण हलवल्या याची नोंदच सासूबाईंच्या मनात झाली नव्हती. पेटी रिकामी दिसली की कुणीतरी घेतलं असणार असंच त्यांना वाटणार, आणि दिवसभर समोर वावरते ती सून. जी सगळं करते तिच्याच वाट्याला हे येतं, याचं मला फार वाईट वाटतं.

एखादं नाव पटकन न आठवणं हे वयाचं. रोजचे व्यवहार अडू लागले तर मात्र डॉक्टर गाठायलाच हवा. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. या बाईंचं बी-12 कमीच निघालं. इंजेक्शनांनी तरतरी आली, पण विसरणं थांबलं नाही. पुढच्या तपासण्यांत डिमेन्शियाचं निदान झालं. गोळ्यांनी तो बरा होत नाही, काहींना थोडा आराम पडतो.

घरात एकच गोष्ट आधी बदलायला सांगितली: "मी नाही घेतल्या" हा वाद बंद. त्याऐवजी, "चला आई, दोघी मिळून शोधू." खऱ्या पाटल्या नणंदेकडे ठेवल्या, पेटीत तशाच दिसणाऱ्या बेंटेक्सच्या. ही फसवणूक नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या हातात घेतल्या की सासूबाई शांत होतात. नणंदही आईजवळ राहायला आली. आल्यावर आळ तिच्यावर आला, तेव्हा तिनं पहिल्यांदा वहिनीची माफी मागितली. आता महिन्यातले काही दिवस आई तिच्याकडे असतात आणि सून रात्रभर झोपते.

मध्यंतरी सासूबाई एक-दोन दिवसांत एकदम बरळू लागल्या, माणसं ओळखेनात. आजार वाढला म्हणून घरचे थांबले नाहीत, लगेच दवाखान्यात नेलं. लघवीचा संसर्ग निघाला आणि औषधानं त्या सावरल्या. असा अचानक गोंधळ दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि सांभाळणाऱ्यालाच असह्य झालं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.